रांगेतला दुसरा

१८९८ सालचा पहिला दिवस. मुंबईत उमरखाडीच्या तुरुंगातल्या कैद्यांना रांगा करून खाली बसवलं होतं. सुमारे चारशे माणसं. तुरुंगात गाठीचा ताप, म्हणजे प्लेग, शिरला होता आणि त्यावरची नवी लस टोचून घ्यायला ही माणसं तयार झाली होती. डॉक्टरांनी एकाला टोचलं, शेजारच्याला सोडलं. पुढच्याला टोचलं, त्याच्या शेजारच्याला सोडलं. वय पाहिलं नाही, जात पाहिली नाही, अंगकाठी पाहिली नाही, गुन्हाही विचारला नाही. रांगेत कोण कुठे टेकला एवढ्यावरच कुणाच्या दंडात सुई जाणार हे ठरत होतं.

उमरखाडीचा हा तुरुंग मराठी वाचकाला ‘डोंगरीचा तुरुंग’ म्हणून ठाऊक आहे. १८८२ साली टिळक आणि आगरकर इथे १०१ दिवस होते आणि आगरकरांनी त्या दिवसांवर पुस्तक लिहिलं. त्या पुस्तकामुळे डोंगरी लक्षात राहिली. कैद्यांच्या त्या रांगेची आठवण मात्र सहसा कुणी काढत नाही. खरं तर रोग टाळणारं औषध पारखण्याची जी रीत आज जगभर चालते, तिच्या पूर्वजांमध्ये या रांगेला मानाचं स्थान द्यायला हवं.

औषधाबद्दल बोलताना मराठीत एक फार सोयीचा शब्द आहे, गुण. वैद्याचा काढा घेतला, ताप उतरला, गुण आला. तो ताप आपोआपच उतरला असता का, असं विचारण्याच्या भानगडीत कुणी पडत नाही. पण औषध रोग होऊ नये म्हणून घेतलं असेल तर? लस टोचून घेतलेला माणूस प्लेगच्या साथीतून धडधाकट राहिला, तर तो लसीचा गुण, नशिबाचा, की गावाबाहेर माळावर झोपडी बांधून राहिल्याचा? न झालेल्या रोगाचा गुण डोळ्यांना दिसत नाही. एका माणसाकडे कितीही निरखून पाहिलं तरी तो सापडत नाही. तो सापडतो दोन जमावांच्या फरकात, आणि तोही ते दोन जमाव मुळात सारखे असतील तरच.

ही ‘सारखे असतील तरच’ची अट पुरी करायला माणसांना निदान पन्नास वर्षं लागली. त्याची सुरुवात मुंबईत झाली.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीतल्या रुग्णांत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. मूळ गोव्याचे हे डॉक्टर मुंबईत व्यवसाय करत. पुढच्या काही महिन्यांत निम्म्याच्या आसपास मुंबई रिकामी झाली. मार्च १८९७ मध्ये पुण्यात रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले प्लेगने गेल्या. जूनमध्ये तिथेच प्लेग अधिकारी रँडवर प्राणघातक गोळी झाडली गेली. घरझडत्या, क्वारंटीन, सामानाची जाळपोळ हे सगळं मराठी मुलखाच्या स्मरणात पक्कं बसलं आहे. त्या धामधुमीत ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या एका खोलीत आणि तिच्या बाहेरच्या व्हरांड्यात एक परदेशी माणूस बाटल्यांमध्ये तूप घालत बसला होता, हे मात्र कमी जणांना माहीत असतं.

वाल्डेमार हाफकिन. जन्म ओडेसाचा, धर्माने ज्यू, जीवशास्त्रज्ञ मेचनिकॉव्हचा विद्यार्थी, नंतर पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटचा संशोधक. कॉलऱ्याची लस घेऊन तो १८९३ मध्ये हिंदुस्थानात आला होता. प्लेग पसरल्यावर सरकारने त्याला मुंबईला बोलावलं. हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई. त्याने मटणाचा रस्सा बाटल्यांत भरला, त्यात प्लेगचे जंतू सोडले आणि वरून तुपाचे किंवा खोबरेल तेलाचे थेंब टाकले. तरंगणाऱ्या थेंबांना धरून जंतू खाली वाढत जात. आठवडाभरात रश्शात पांढुरकी झुंबरं लोंबू लागत. बाटली हलवली की ती तुटून तळाशी बसत आणि थेंबांखाली नवी फुटत. असं पाच-सहा आठवडे चाले. मग सगळा ऐवज तापवून जंतू मारायचे आणि थोडं कार्बोलिक ॲसिड घालायचं, की लस तयार. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिनने ती आधी स्वतःला टोचून घेतली. मात्रा दहा घनसेंटिमीटर, पुढे लोकांना दिली त्याहून बरीच जास्त. ताप भरला, दंड ठणकला, पण माणूस जगला.

यातून एवढंच कळलं की लसीने माणूस मरत नाही. प्लेग अडतो का, हा प्रश्न तसाच राहिला.

महिनाअखेरीस भायखळ्याच्या सुधारगृहात प्लेग शिरला. नाव सुधारगृह असलं तरी तो तुरुंगच. हाफकिनच्या दृष्टीने तुरुंगासारखी जागा नव्हती. सगळ्यांना तीच भाकरी, तेच पाणी, तेच काम, झोपायला त्याच बराकी आणि रोज सकाळ-संध्याकाळ मोजदाद. शहरात माणूस टोचून घेतो आणि दुसऱ्या दिवशी गाडीत बसून गावी जातो. तो जगला की मेला हे कोण लिहून ठेवणार? तुरुंगातल्या माणसाची मात्र खातेवहीत नोंद असते.

३० जानेवारीला तिथे टोचणी झाली. कैद्यांना विचारण्यात आलं, निम्म्याच्या जवळपास पुढे झाले. पुढचे निकाल असे. न टोचलेले दररोज सरासरी १७२, त्यांच्यात १२ जण आजारी पडले आणि ६ मेले. टोचलेले दररोज सरासरी १४७, त्यांच्यात २ आजारी, मृत्यू एकही नाही. आकडे ‘दररोज सरासरी’ असे का? तर शिक्षा संपली की कैदी सुटून जायचा आणि हिशेबातूनही सुटायचा. म्हणून हाफकिनने रोजची हजेरी धरून सरासरी काढली. सुटकेचे हुकूम निघत राहिले तरी हिशेब टिकवण्याची ही साधी युक्ती होती.

आकडे पाहून मुंबईत उत्साह पसरला. आगाखानांनी टोचून घेतलं, त्यांच्यामागे खोजा समाजातले हजारो लोक टोचून घ्यायला आले, आणि हाफकिनला प्रयोगशाळेसाठी आगाखानांचीच खुश्रू लॉज ही वास्तू मिळाली. पण भायखळ्याच्या निकालाकडे शंकेखोर नजरेने पाहिलं तर त्यात दोन भोकं दिसतात. टोचणीच्या दिवशीच रोग अंगात भिनलेला होता म्हणून काही कैदी टोचलेल्यांच्या हिशेबातून वगळले गेले. तसं करणं बरोबरच होतं, पण वगळायचं कुणाला हे ठरवणारा लसवालाच होता. दुसरं भोक जास्त मोठं. जे पुढे आले ते पुढे का आले? तरुण होते म्हणून? अंगात रग होती म्हणून? की त्यांची बराक रोगापासून लांब होती आणि अजून कुणाची हिंमत खचली नव्हती? स्वतःहून हात पुढे करणारा आणि भिंतीला टेकून बसून राहणारा ही दोन वेगळी माणसं असतात. त्यांच्यातला फरक लसीच्या खात्यावर जमा होणार नाही याची हमी भायखळ्यात नव्हती.

उमरखाडीतली रांग या भोकावरचं ठिगळ होती. इथे तयारी दाखवणारे आधी एकत्र केले आणि मग त्यांच्यातच एकाआड एक अशी विभागणी झाली. हिंमत दोन्ही बाजूंना, भीतीही दोन्ही बाजूंना. निकाल: न टोचलेल्या अर्ध्यात १० आजारी, ६ मृत्यू. टोचलेल्या अर्ध्यात ३ आजारी, मृत्यू शून्य.

इथे एक गोष्ट टोचतेच. तुरुंगातल्या माणसाने ‘हो’ म्हणण्याला किती अर्थ असतो? दारावर पहारा, समोर साहेब, बराकीत प्लेग. आजची कुठलीही नैतिक समिती या प्रयोगाला परवानगी देणार नाही. आणि मेलेले ते सहा कैदी टोचून घ्यायला तयार असूनही फक्त बसले तिथे बसल्यामुळे न टोचलेल्यांत गेले. पण लस उपयोगी आहे हे त्या दिवशी खुद्द हाफकिनलाही छातीठोकपणे सांगता आलं नसतं. ती घातक ठरली असती तर हीच रांग उलट्या बाजूने नशीबवान म्हटली गेली असती.

तुरुंगाबाहेरचा सर्वांत नीटस प्रयोग बडोदा संस्थानातल्या उंधेरा या खेड्यात झाला, फेब्रुवारी १८९८ मध्ये. गावात सुमारे हजार वस्ती, आणि प्लेगने आधीच माणसं नेलेली. शिरगणतीचा कागद हातात घेऊन एकेक कुटुंब समोर बोलावलं गेलं आणि प्रत्येक घराचे दोन भाग केले गेले: अर्धे पुरुष इकडे अर्धे तिकडे, बायकांचं तसंच, पोरांचंही तसंच. एका भागाला टोचलं, दुसऱ्याला नाही. सहा आठवड्यांनी अधिकाऱ्यांनी गावात येऊन घरोघर चौकशी केली. टोचणीनंतर प्लेग २८ घरांत शिरला होता. त्या घरांतल्या न टोचलेल्या ६४ माणसांपैकी २७ जणांना प्लेग झाला, २६ मेले. टोचलेल्या ७१ पैकी ८ जणांना झाला, ३ मेले.

एकच छप्पर, एकच चूल, एकच कोठार, म्हणजे उंदीरही तेच. मौज अशी की उंदरांचा हिशेब हाफकिनने केलेलाच नव्हता. प्लेग उंदरावरच्या पिसवांतून माणसात येतो असं पॉल-लुई सिमोंने त्याच वर्षी कराचीत प्रयोग करून सांगितलं, तेव्हा ते कुणी फारसं मनावर घेतलं नाही. १९०५ नंतर मुंबईतच झालेल्या संशोधनाने त्याचं म्हणणं खरं ठरवलं. म्हणजे रोग पसरतो कसा हे ठाऊक नसताना लस पारखून झाली होती. घर मधोमध वाटलं की ठाऊक नसलेली कारणंसुद्धा दोन्ही बाजूंना सारखी वाटली जातात. या पद्धतीतली मला वाटणारी सर्वांत चलाख गोष्ट हीच आहे.

मात्र असे नेटके प्रयोग थोडे. बाकी ठिकाणी नुसती लाट होती. हुबळीत १८९८ मध्ये हजारोंनी टोचून घेतलं, शेवटी न टोचलेले इतके कमी उरले की तुलना करायला माणूसच मिळेना. शिवाय जे उरले ते बहुधा सर्वांत गरीब, आजारी किंवा बेपत्ता. थॉमस फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या प्लेग कमिशनने हे सगळे आकडे चाळले. निष्कर्ष काढला तो सावध: लसीने रोग होण्याचं आणि मरण्याचं प्रमाण घटतं, पूर्ण संरक्षण मिळत नाही, आणि बरेच आकडे विश्वास ठेवण्याजोगे नाहीत. १८९९ मध्ये हाफकिनची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली, जिथे आजही हाफकिन संस्था आहे. तीनच वर्षांनी पंजाबातल्या मुलकोवाल गावी एका बाटलीतून टोचलेले १९ जण धनुर्वाताने मेले. ठपका हाफकिनवर आला. बाटली गावात उघडताना दूषित झाली असावी, हे मान्य होऊन त्याच्यावरचा कलंक धुतला जायला १९०७ उजाडलं. मधल्या काळात त्याचं काम बुडालं ते बुडालंच.

त्या कमिशनवर अ‍ॅल्मरॉथ राईट नावाचा एक सभासद होता. दुसऱ्याच्या आकड्यांत खोट काढणारा हा गृहस्थ स्वतः विषमज्वराच्या लसीचा कर्ता. ब्रिटिश सैनिकांना ती टोचली गेली होती आणि टोचलेल्यांत विषमज्वर कमी दिसत होता. १९०४ मध्ये ते आकडे संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सनच्या हाती पडले. त्याने नेमकं भायखळ्याचं भोक दाखवलं: टोचून घेणारा शिपाई मुळातच जपून राहणारा, पाणी उकळून पिणारा असू शकतो. मग उपाय काय? टोचून घ्यायला तयार असणाऱ्यांची यादी करा आणि त्यातल्या दर दुसऱ्याला टोचा. राईट आणि पिअर्सन यांच्यात मग वैद्यकीय नियतकालिकात कडाक्याचं भांडण जुंपलं. उमरखाडीत हीच गोष्ट सहा वर्षांपूर्वी करून झाली होती.

१९१५ मध्ये ग्रीनवुड आणि यूल या संख्याशास्त्रज्ञ जोडीने कॉलरा आणि विषमज्वर यांच्या लसींचे जुने आकडे पुन्हा तपासले आणि अटी लिहून काढल्या. दोन्ही गट सर्व बाबतींत सारखे हवेत. दोघांना रोगाचा धोका सारखा हवा. आणि रोग झाला की नाही हे ठरवताना, हा टोचलेला आहे की नाही याचा परिणाम होता कामा नये. ही तिसरी अट उमरखाडीला लागू केली तर रांग जरा डळमळते. कैद्याच्या काखेत गाठ आली. ती प्लेगची की साधी अवधाण? तपासणाऱ्या डॉक्टरला तो टोचलेला आहे हे माहीत असेल, तर त्याचा हात वहीत काय लिहील?

‘एकाआड एक’मध्ये आणखी एक चोरवाट होती. पुढचा नंबर कुणाचा हे सगळ्यांना दिसतं. दयाळू डॉक्टर एखाद्या अशक्त पोराला हळूच एक जागा पुढे सरकवतो आणि सारखेपणा बिघडतो. म्हणून चिठ्ठीच टाकली पाहिजे, आणि ती टाकणाऱ्यालाही आधी दिसता कामा नये. ही कल्पना शेतातून आली. १९२०च्या दशकात संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशरने खतांच्या प्रयोगात कुठल्या वाफ्याला कुठलं खत द्यायचं हे चिठ्ठीने ठरवायला सुरुवात केली होती. (आपल्याकडच्या कृषी महाविद्यालयांत ती रीत पानसे-सुखात्मे यांच्या पुस्तकातून पिढ्यान्‌पिढ्या शिकवली गेली.) वाफ्याला वाईट वाटत नाही. माणसांवर तीच रीत लावायला आणखी वीस वर्षं गेली. १९४६ मध्ये ब्रिटनमध्ये ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांच्या पुढाकाराने डांग्या खोकल्याच्या लसीची चाचणी सुरू झाली. कुठल्या मुलाला काय टोचायचं हे चिठ्ठीने ठरलं, आणि दुसऱ्या गटालाही सुई मिळालीच, फक्त तिच्यात दुसरीच लस होती. सुई दोघांना बसल्याने कोण कुठल्या गटात हे ना आयांना कळलं, ना घरी येऊन खोकला तपासणाऱ्या परिचारिकांना.

मग १९५४. अमेरिकेत साल्कच्या पोलिओ लसीची चाचणी. अनेक भागांत चिठ्ठी टाकली गेली: सुमारे दोन लाख मुलांना लस, दोन लाखांना दिसायला तशीच पण निकामी औषधाची सुई. कुठल्या कुपीत काय हे फक्त सांकेतिक क्रमांकांवरून कळणार होतं. १२ एप्रिल १९५५ला थॉमस फ्रान्सिस यांनी मिशिगनमध्ये निकाल वाचला. लाखामागे पोलिओ लसवाल्यांत २८, निकामी सुईवाल्यांत ७१. पण त्याच तक्त्यात एक तिसरा आकडा आहे आणि या साऱ्या कथेत तो सर्वांत बोलका. ज्या पालकांनी संमतीच दिली नाही, त्यांच्या मुलांत पोलिओ लाखामागे ४६. लस नाही, काही नाही, तरीही निकामी सुई घेतलेल्यांपेक्षा कमी!

कारण असं की संमती देणारी घरं बहुधा सुखवस्तू आणि शिकलेली होती. स्वच्छ घरातल्या मुलाला पोलिओचा विषाणू तान्हेपणी, आईकडून आलेली प्रतिकारशक्ती अंगात असताना भेटत नाही. तो उशिरा भेटतो आणि मग पांगळं करतो. गरीब, दाटीवाटीच्या वस्तीतलं मूल लहानपणीच त्यातून गेलेलं असतं. चिठ्ठी न टाकता लस घेणाऱ्यांची तुलना नकार देणाऱ्यांशी केली असती, तर ७१ ऐवजी ४६ समोर आले असते आणि लसीचा निम्म्याहून अधिक गुण झाकला गेला असता. भायखळ्यात हात पुढे करणारे कैदी कशामुळे वेगळे होते ते आता शोधता येणार नाही. पण हात पुढे करणारे वेगळे असतात, याचा पुरावा या तक्त्यात आहे, आणि तो फरक कुणीही अंदाजाने सांगितला असता त्याच्या नेमक्या उलट दिशेचा निघाला.

भारतात याच रीतीची सर्वांत मोठी परीक्षा झाली तमिळनाडूतल्या चेंगलपट्टू जिल्ह्यात. क्षयावरची बीसीजी लस तेव्हा देशभर टोचली जात होती, परदेशांतल्या काही चाचण्यांत ती उत्तम ठरली होती, काहींत फुसकी. १९६८ पासून भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने सुमारे अडीच लाख माणसांना चिठ्ठीने वाटून दिलं: कुणाला बीसीजीची पूर्ण मात्रा, कुणाला तिचा दहावा भाग, कुणाला निकामी सुई. मग वर्षानुवर्षं घरोघर फिरून थुंकी तपासली, क्ष-किरण चित्रं काढली. साडेसात वर्षांचा हिशेब १९७९ मध्ये बाहेर आला. मोठ्यांच्या फुप्फुसाच्या क्षयापासून संरक्षण: काही नाही. पंधरा वर्षांचा हिशेब आला तोही तसाच.

एवढा खर्च, एवढी पायपीट, आणि उत्तर नकाराचं. संशोधकांवर टीकेचा भडिमार झाला: लस खराब असेल, साठवण बिघडली असेल, त्या भागात मातीतल्या दुसऱ्याच जंतूंनी लोकांना आधीच अर्धवट संरक्षण दिलं असेल. शेवटच्या शंकेत तथ्य असावं असं अनेकांना वाटतं. पण आकडा बदलला नाही, कारण तिथे कुणी हात पुढे केला आणि कुणी नाही यावर काहीच ठरलेलं नव्हतं. तान्ह्या मुलांना मेंदूच्या आवरणाच्या क्षयापासून बीसीजी वाचवते, हे इतर अभ्यासांतून दिसलं होतं. म्हणून ती बंद झाली नाही, जन्मल्या जन्मल्या देण्याची म्हणून राहिली. डाव्या दंडावरचा तो गोल, जरासा खोलगट वण याच टोचणीचा आहे. मोठेपणीच्या क्षयापासून तो वाचवतो असं चेंगलपट्टूच्या आकड्यांवरून म्हणता येत नाही.